वीस सोमवारांचं हँडिकॅप

“ही मसुगडे कोण?”

खासनीस साहेबांनी नोटीसबोर्डावरच्या यादीत एका नावावर बोट ठेवलं आणि ते तिथून काही हलवेनात. गुरुवारची सकाळ होती. रविवारी आमच्या कातळमाळ गोल्फ क्लबचा वार्षिक चषक होता, आणि भाग घेणाऱ्यांची नावं हँडिकॅपसकट मी नुकतीच लावली होती. टाचणीची डबी अजून माझ्या हातातच होती.

“छबूताई मसुगडे,” मी म्हटलं. “आपल्या ग्रीन कापतात त्या.”

“गवतवाली?” साहेब हसले. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. हसतानासुद्धा निविदा नामंजूर केल्यासारखा हसायचा. “आणि तिला बारा पूर्णांक नऊ? क्लबातल्या निम्म्या पुरुषांना बाराचं हँडिकॅप जन्मात मिळालेलं नाही. तुमच्या मनाने दिलंत का, बिडवे बाई?”

मागे चहा घेत उभे असलेले चारपाच मेंबर हसले. माझं डोकं फिरलं. क्लबात येण्याआधी नऊ वर्षं मी गणिताच्या शिकवण्या घेतल्या होत्या. माझ्या दिसण्याला नाव ठेवा, माझ्या चहाला ठेवा, पण आकड्याला ठेवलेलं मला खपत नाही.

“वीस कार्डं आहेत माझ्याकडे,” मी म्हणाले, “प्रत्येकावर सोबत खेळणाऱ्याची सही आहे. त्या आकड्यात दशांशाची चूक निघाली, तर ही खुर्ची सोडते मी.”

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” खासनीस साहेब चहावाल्या मंडळींकडे वळून म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हाची माझी जीभ आठवली की अजून कान तापतात.

ज्यांनी गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या खेळात चेंडू अठरा भोकांत, आमच्या भाषेत होलमध्ये, घालायचा आणि कमीत कमी फटक्यांत घालायचा. पण कच्चा आणि पक्का खेळाडू एकत्र खेळले तर कच्च्याने कधी जिंकायचंच नाही का? म्हणून हँडिकॅप. कच्च्याला काही फटके माफ. ज्याचं हँडिकॅप अठरा, त्याच्या एकूण फटक्यांतून अठरा वजा करायचे. जितका आकडा लहान तितका माणूस खेळात मोठा. तो आकडा काढणं आणि सांभाळणं हे माझं काम. प्रत्येक फेरीचे फटके लिहिलेलं एक कार्ड असतं; अशी प्रत्येकाची शेवटची वीस कार्डं घ्यायची, त्यातली सगळ्यात चांगली आठ निवडायची आणि त्यांची सरासरी. बाकीची बारा कार्डं कितीही वाईट असली तरी बाजूला.

हे मी छबूताईंना पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी मला ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं होतं. “म्हंजे वाईट दिस मोजतच न्हाईत? आवं, लई भला हिशेब हाय की. ह्यो आमच्या घरला कुनी लावला न्हाई आजवर.”

छबूताई तेव्हा चाळिशीच्या. अठरा वर्षं क्लबात नोकरी. पहाटे यंत्र घेऊन अठरा ग्रीन कापायच्या, म्हणजे चेंडू भोकात जातो ती मऊ, गुळगुळीत हिरवळ. सोमवारी क्लब मेंबरांना बंद असतो आणि त्या दिवशी दुपारनंतर नोकरमाणसांनी खेळावं अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. मेंबरांच्या काठ्या वाहणारे कॅडी, माळी, वॉचमन, सगळे खेळतात, मेंबरांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी. छबूताईंकडे तशा सहा काठ्या होत्या, एक तर डावखुऱ्याची. ती त्या उलटी धरून वापरायच्या.

चषकाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते खासनीस साहेबांमुळेच. एकदा सातव्या ग्रीनवर साहेबांचा दोन फुटांवरचा चेंडू भोकाला वळसा घालून गेला आणि साहेब ओरडले की गवत नीट कापलेलं नाही. छबूताई म्हणाल्या, “गवात बराबर हाय साहेब, डावीकडं उतार हाय थितं.” त्यावर साहेब म्हणाले, “तू गवत काप. खेळातलं आम्हाला शिकवू नकोस.” त्या संध्याकाळी छबूताई माझ्या टेबलापाशी आल्या. डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. “बाई, त्या चषकाला नाव घालाया काय लागतं?”

क्लबाच्या नियमात दहा वर्षं नोकरी झालेल्याला चषक खेळता येतो. एवढ्या वर्षांत कुणी खेळलं नव्हतं, कारण त्याला हँडिकॅप लागतं, आणि आमच्या नियमाप्रमाणे हँडिकॅपला वीस कार्डं लागतात. छबूताईंनी वीस सोमवार खेळून वीस कार्डं आणली. मधले पावसाचे महिने धरून जवळपास आठ महिने लागले. कॅडीमास्तर लक्ष्मणआप्पा दर खेपेला बरोबर असायचे आणि सही करायचे. एक कार्ड तर एकशेतीनचं होतं. धाकट्याला ताप होता त्या दिवशीचं. तेही त्यांनी आणून दिलं. मी म्हटलं, हे नसतं दिलं तरी चाललं असतं. “आन् मग त्यो सोमवार कुटं घालवला म्हनून सांगू?” त्या म्हणाल्या.

याउलट आमचे खासनीस साहेब. त्यांचं हँडिकॅप वर्षानुवर्षं अठरा. खेळायचे मात्र बारा-तेराचा खेळ. चांगला खेळ झाला की त्यांचं कार्ड वाऱ्याने उडून जायचं, भिजायचं, बायको धुण्यात टाकायची. वाईट खेळ झाला की कार्ड अर्ध्या तासात माझ्या टेबलावर. सगळ्यांना माहीत होतं, पण न दिलेल्या कार्डाचा पुरावा कोण देणार? दोन वर्षं चषक त्यांच्याच दिवाणखान्यात होता.

तर शुक्रवार. चषकाआधी प्रत्येकाला सरावाची एक फेरी मिळते. छबूताई पहिल्यांदाच सोमवार सोडून मैदानात उतरल्या होत्या. दहा मिनिटांत त्या परत माझ्या खिडकीशी.

“बाई, आप्पा म्हनत्यात मला त्या लाल ठोकळ्यापासनं मारायचं. खरं का काय?”

“हो. बायका लाल ठोकळ्यांपासूनच मारतात.”

“इतक्या म्होरनं? आवं, पयल्या होलला तर धापाच टाकायला नकोत. मी तिकडं मागनं मारते न्हवं, दगडापासनं.”

“कुठल्या दगडापासून?”

“दगडी पाटी न्हाई का, पार मागं. सोमवारी ठोकळं कुटं असत्यात? ते उपटून शेडात टाकल्याबिगर मशीन फिरतंय व्हय? आमी समदी दगडापासनंच खेळतो.”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. खरं सांगते, ते उचलायलासुद्धा सुचलं नाही.

प्रत्येक होलला सुरुवातीच्या तीन जागा असतात. पुढे लाल ठोकळे बायकांचे, मधे पांढरे पुरुषांचे, आणि पार मागे जमिनीत पुरलेल्या दगडी पाट्या, मोठ्या स्पर्धांसाठी. जागा जितकी मागे तितकं मैदान लांब आणि अवघड, आणि हिशेबाचे आकडेही त्याप्रमाणे वेगळे. कॉम्प्युटरवर कार्ड चढवताना विचारतात, कुठून खेळला? छबूताईंच्या कार्डावर ती चौकट कोरी असायची. मी बाई म्हणून लाल निवडायची. वीसच्या वीस वेळा. मी स्वतः बाई, आणि दुसरी एक बाई पार मागून खेळत असेल ही शंकाही मला शिवली नाही. या गोष्टीची लाज मला त्या राजीनाम्याच्या बढाईपेक्षा जास्त वाटली, आणि अजून वाटते.

“बसा इथे,” मी छबूताईंना म्हटलं आणि भिंतीवरचा तक्ता काढून घेतला. त्यात एक ओळ होती: महिला, मागची टी, म्हणजे मागची सुरुवातीची जागा. मैदान मोजणाऱ्यांनी ती भरून ठेवली होती. क्लबात कुणी कधी वापरली नव्हती.

रीत अशी: मारलेल्या फटक्यांतून मैदानाचं रेटिंग, म्हणजे पक्क्या खेळाडूला तिथे लागावेत तेवढे फटके, वजा करायचं, उरेल त्याला एकशेतेराने गुणायचं आणि स्लोप नावाच्या अवघडपणाच्या आकड्याने भागायचं. लाल ठोकळ्यांचं रेटिंग सत्तर पूर्णांक चार, स्लोप एकशे एकोणीस. छबूताईंचं चौऱ्याऐंशीचं कार्ड मी त्यात घातलं होतं आणि उत्तर आलं होतं बारा पूर्णांक नऊ. मागच्या दगडावरून बायकांचं रेटिंग सत्त्याहत्तर पूर्णांक दोन, स्लोप एकशेचाळीस. तेच चौऱ्याऐंशी मी पुन्हा घातले. उत्तर आलं साडेपाच.

मी वीसच्या वीस कार्डं पुन्हा केली. कागदावर, हाताने, कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, माझ्यावर नव्हता म्हणून. चांगली आठ काढली, सरासरी घेतली. पाच पूर्णांक पाच.

“काय झालं बाई? चुकलं का माजं काय?”

“तुमचं नाही, माझं चुकलंय.” आणि मी सगळं सांगितलं. रविवारी खेळायचं लाल ठोकळ्यांपासून, ते मैदान सोपं, म्हणून माफी आकड्यापेक्षा थोडी कमीच मिळते. चुकीच्या आकड्याने त्यांना बारा फटके माफ होते. खऱ्या आकड्याने फक्त चार मिळणार. आठ फटके गेले. हे ऐकल्यावर कुणीही खेळाडू माझ्या अंगावर आला असता. मी पुढे म्हटलं, “आज मी गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. पण मला गप्प बसता येणार नाही, छबूताई.”

छबूताईंनी हळूच विचारलं, “आकडा ल्हान म्हंजे खेळ चांगला, असंच ना?”

“असंच.”

“कर्नलसायबांचा किती?”

कर्नल शितोळे आमचे कॅप्टन, क्लबातले सगळ्यात पक्के खेळाडू. “सहा पूर्णांक आठ.”

“आन् माजा साडेपाच.” त्यांनी बोटावर काहीतरी मोजलं. “म्हंजे बायांच्या मापानं का हुईना, त्या यादीत माज्या वर कुनीच न्हाई?”

“कुणीच नाही.”

छबूताई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. “अठरा वर्सं ह्या गवतात घातली, आन् कुनी सांगितलं न्हाई मला. लिवा की मग बाई! बारा कशापायी ठेवताय? खोडा ते!”

मी तक्ता आणि वीस कार्डं घेऊन कर्नलसाहेबांच्या खोलीत गेले. नशीब बघा, खासनीस साहेब तिथेच बसलेले.

“सर, मसुगडे यांच्या हँडिकॅपमध्ये चूक झाली आहे. माझ्याकडून.”

खासनीस साहेबांनी टाळीच वाजवली. “काय सांगत होतो? दशांशाची आहे का बाई?”

“नाही. सात पूर्णांक चारची.”

“अरे वा! मग बाराचं काय झालं, वीस?”

“साडेपाच झालं, साहेब.”

कर्नलसाहेबांनी चष्मा लावला, तक्ता ओढून घेतला आणि पहिलं कार्ड स्वतः केलं. मग दुसरं, मग तिसरं. पाचव्या कार्डानंतर त्यांनी पेन्सिल ठेवली. “मागच्या पाटीवरून चौऱ्याऐंशी मारते ही? त्या मोडक्या काठ्यांनी?”

“हो सर. आणि मी गुरुवारी सगळ्यांसमोर बोलले होते, त्याप्रमाणे राजीनामा...”

“बिडवे बाई,” कर्नलसाहेब म्हणाले, “चुकीची शिक्षा म्हणून पुढल्या महिन्यापासून प्रत्येक कार्डावर कुठून खेळले ते विचारून लिहायचं. आपल्याच माणसाच्या फायद्याची चूक इथे आजवर कुणी आपण होऊन आणून दिलेली मी पाहिली नाही. जा, खुर्चीवर बसा.” खासनीस साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी शेवटच्या गटात कर्नलसाहेब, खासनीस साहेब आणि छबूताई. चिठ्ठ्या टाकूनच गट पडले, हे मी शपथेवर सांगते. गुण लिहायला मी बरोबर चालत होते. छबूताईंनी नऊवारीचा काष्टा कसून मारला होता आणि पायात धाकट्याचे शाळेचे पांढरे बूट होते.

सुरुवात वाईट झाली. चार होलमध्ये तीन फटके जास्त गेले. लाल ठोकळे पुढे, त्यामुळे चेंडू त्यांच्या नेहमीच्या जागेच्या पार पलीकडे जायचा, कधी झुडपात, कधी वाळूत. अठरा वर्षांची सगळी मापं त्यांच्या अंगात होती, पण ती दगडापासूनची. खासनीस साहेब झकास खेळत होते. त्या दिवशी कार्ड उडून जाणार नव्हतं.

पाचव्या होलला छबूताईंनी मोठी काठी काढली, पुढे पाहिलं, मागे दगडाकडे पाहिलं आणि काठी परत पिशवीत ठेवली. छोटी काढली.

“आता हे काय?” खासनीस साहेब मला म्हणाले. “थकली वाटतं.”

चेंडू जेमतेम मधल्या आंब्यापर्यंत गेला. पण तिथे पोचल्यावर छबूताईंचा चेहरा बदलला. दर सोमवारी त्यांचा चेंडू तिथेच पडायचा! दुसरा फटका ओळखीच्या जागेवरून होता. त्यांनी बघितलंसुद्धा नाही फारसं. मारला आणि चालू लागल्या. चेंडू भोकापासून हातभर अंतरावर थांबला होता.

“आस्सं,” कर्नलसाहेब मिशीत पुटपुटले.

तिथून पुढे मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात सुंदर खेळ पाहिला. प्रत्येक होलला त्या पहिला फटका आखडून चेंडू आपल्या घरच्या जागेवर आणायच्या, आणि मग तिथून कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत. ग्रीनवर तर काही विचारायलाच नको. आम्ही वाकून वाकून उतार बघणार, आणि यांना गवताची पात कुठल्या अंगाला निजते ते पायाच्या तळव्याला माहीत. बाराव्या होलपर्यंत तिन्ही फटके भरून निघाले.

अठराव्या ग्रीनला आलो तेव्हा सगळा क्लब व्हरांड्यात गोळा झाला होता. मागे भिंतीशी कॅडी, माळी, स्वयंपाकघरातली माणसं. खासनीस साहेबांनी शेवटचा चेंडू घातला. अठ्ठ्याऐंशी फटके, माफ अठरा. सत्तर. तोवर इतकं खाली कुणी आलं नव्हतं, कर्नलसाहेबसुद्धा नाहीत. टाळ्या झाल्या, आणि साहेबांनी टोपी उंचावली.

छबूताईंचे बहात्तर झाले होते. चेंडू भोकापासून पाच फुटांवर. गेला तर त्र्याहत्तर, माफ चार, एकोणसत्तर. चुकला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की आधीचा विजेता चषक राखतो, असा आमचा नियम. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण आप्पांनी सांगितलं असावं, कारण त्यांनी एकदा खासनीस साहेबांकडे पाहिलं.

“साहेब, तुमची सावली पडतीया,” त्या म्हणाल्या. “जरा बाजूला व्हा. खेळ चाललाय.”

साहेब बाजूला झाले. व्हरांड्यात कुणीतरी हसू दाबलं. छबूताईंनी भोकाच्या वीतभर उजवीकडे नेम धरला. मला वाटलं, गेला हा, हुकला. चेंडू उजवीकडे निघाला, रेंगाळला, मग त्याला काहीतरी आठवल्यासारखा वळला आणि आत पडला.

त्यानंतरचा आवाज मी लिहू शकत नाही. भिंतीशी उभी असलेली माणसं ग्रीनवर धावली, जिथे बूट घातल्याशिवाय पाऊल टाकायला बंदी आहे तिथे अनवाणी. लक्ष्मणआप्पा रडत होते. मी गुणांची पाटी टाकून छबूताईंना मिठी मारली. कर्नलसाहेबांनी सॅल्यूट ठोकला, आणि तो थट्टेचा नव्हता.

मग ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “बाराने खेळली असती तर एकसष्ट झाले असते, बिडवे बाई. एकसष्टावर कुणी विश्वास ठेवला नसता. मलाच निकाल रद्द करावा लागला असता.” तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चषक देऊन झाला, फोटो झाले, पेढे संपले. चारच्या सुमाराला छबूताई चषक काखेत धरून माझ्या टेबलापाशी आल्या. दारात खासनीस साहेब गाडीची किल्ली फिरवत ड्रायव्हरची वाट बघत उभे होते.

“बाई, आजचं कार्ड चढवा.”

“उद्या करते की. आज सुट्टी घ्या.”

“न्हाई, आत्ताच. चांगल्या दिसाचं हाय.”

मी चढवलं. “कुठून खेळलात?” मी विचारलं.

“लाल ठोकळ्यापासनं,” त्या ऐटीत म्हणाल्या.

आकडा फिरला. पाच पूर्णांक पाचचे चार पूर्णांक आठ झाले. “बघा,” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी तुम्हाला चारसुद्धा नाहीत, तीनच फटके माफ. जिंकलात, आणि अवघड करून घेतलंत.”

“ऱ्हाऊ द्या तीन.” मग त्यांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज जराही न चढवता विचारलं, “आन् आपल्या साहेबांना किती?”

“अठरा,” मी म्हटलं. “कार्डं येतील तसं बघू. म्हणत असलात तर कमिटीपुढे तक्रार घालू या. आता ऐकतील तुमचं.”

किल्ली फिरायची थांबली होती. छबूताईंनी चषक दुसऱ्या काखेत घेतला.

“कशाला तक्रार? असू द्यात बाई,” त्या म्हणाल्या. “लागत्यात त्यांना.”